हॉलचे पडदे घ्यायचेत: पश्चिमेचं ऊन, कूलर आणि बेज सोफा (नागपूर)

संत्र्याची_फोड
नमस्कार मंडळी, बेसा साइडला नवीन फ्लॅट घेतलाय, वास्तुशांत झाली, आता हॉलचं बघायचंय. हॉल साधारण १२ बाय १८. एका बाजूला बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा, ८ फूट रुंद आणि तोही नेमका पश्चिमेला. बाजूच्या भिंतीला उत्तरेची ५ फुटी खिडकी. भिंती ऑफ व्हाइट, टीव्हीमागची एक भिंत राखाडी झाक असलेली हिरवी. सोफा घेऊन झालाय, एल शेप, बेज. टीव्ही युनिट अक्रोड रंगाच्या लॅमिनेटचं. शिवाय सासूबाईंची सागवानी बंगई (झोपाळा) आहे ती हॉलमध्येच राहणार, त्यावर चर्चा नाही 😀

आता घरात तीन मतं आहेत. मला लिननसारखे हलके क्रीम पडदे हवेत, वरपासून खालपर्यंत, फोटोत असतात तसे. नवऱ्याला ब्लॅकआउट हवेत कारण दुपारी मॅच दिसत नाही म्हणे. आणि सासूबाई म्हणतात गडद मरून घे, मळखाऊ असतो. कुशन, रग, बंगईची गादी सगळं मॅचिंग करायचंय पण शोरूमचा सेट उचलून आणल्यासारखं नको. कापड गांधीबागेतून घेऊन शिवून घ्यावं की रेडीमेड? जाणकारांनी सांगा.

बर्डीची_मैना
अभिनंदन गं! फोटो टाक ना हॉलचा. पहिल्याच वाचनात एक सांगते, सोफा बेज, भिंत ऑफ व्हाइट आणि पडदे क्रीम म्हणजे सगळं एकात एक मिसळून जाईल, हॉल धुतल्यासारखा दिसेल. हिरवी भिंत आहे ना तुझ्याकडे, रंग तिथून उचल.

वऱ्हाडी_ठसका
ताई, रंग बिंग नंतर पाहा. पयले हे सांगा का तुमचा कूलर कुठं बसते? सारे लोकं क्रीम का मरून करून राहिले अन् एप्रिल लागला का त्याच पडद्याले गाठ मारून खिडकीच्या गजाले बांधून ठेवतेत, मंग जून लोक ती गाठ काही सुटत नाई. आमच्या अर्ध्या कॉलनीत हेच चालू हाये 😂

संत्र्याची_फोड
हो ना, तेच तर राहिलं लिहायचं! कूलर बाल्कनीत ठेवायचाय, मोठा पत्र्याचा आहे जुना, स्लायडिंगचा एक पल्ला सरकवून त्यातून हवा आत. म्हणजे ज्या दरवाज्यातून ऊन येतं त्याच दरवाज्यात कूलर. एसी बेडरूममध्ये आहे, हॉलमध्ये सध्या नाही.

नकाशावाला
मग हा पडद्याचा प्रश्न नाहीच, आधी उन्हाचा आहे. मी घरांचेच नकाशे काढतो म्हणून जरा लांब लिहितोय, कंटाळा आला तर पुढे जा.

नागपूर साधारण २१ अक्षांशावर. मे-जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे छज्जा असेल तर दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन येतच नाही. खरा त्रास पश्चिमेचा, कारण दुपारनंतर ऊन तिरपं होत जातं आणि वरून झाकलेली कुठलीही गोष्ट त्याला अडवत नाही. समजा तुमची बाल्कनी ४ फूट खोल आहे, तर मे महिन्यात चारच्या सुमारास वरच्या स्लॅबची सावली दरवाज्यावर स्लॅबपासून खाली फक्त तीनेक फूट येते आणि पाच वाजता ती दोन फुटांच्याही आत. बाकी सगळी काच उन्हात. आणि त्या दिवसांत सूर्य मावळतो तोही नेमक्या पश्चिमेला नाही, बराच उत्तरेकडे सरकून. म्हणजे तुमच्या उत्तरेच्या खिडकीत एरवी ऊन नसतं पण ऐन उन्हाळ्यात संध्याकाळी तिरपं ऊन तिथेही शिरणार, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ऊन एकदा काचेतून आत आलं की मग पडदा कितीही जाड लावा, तो स्वतः तापतो आणि ती उष्णता तुमच्याच खोलीत राहते. थोडी काचेतून परत जाते, पडद्याची काचेकडची बाजू पांढरी असेल तर जरा जास्त जाते, पण थोडीच. तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर फरक फार मोठा पडतो. म्हणून बाल्कनीच्या कडेला बांबूची चिक टाका, गुंडाळता येते ती, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूचं काम करणारे लोक आपल्याकडे आहेतच. ती झाली की आतल्या पडद्यावरचा भार निम्मा उतरेल, मग तुम्हाला हवं ते हलकं कापड लावता येईल.

वऱ्हाडी_ठसका
आन् चिकीनं कूलरवर बी सावली पडते, टाकीतलं पाणी उकळत नाई. पण कूलरच्या जाळीले चिकटवून टांगू नका हो, हातभर जागा सोडा, नाईतर तो हवा कुठून वढन.

सांजवारा
नकाशावाला साहेब, पटलं नाही पूर्ण. आमच्याकडे प्रतापनगरला पश्चिमेलाच थर्मल कोटिंगवाले ब्लॅकआउट आहेत आणि दुपारी लावले की खोलीत पाऊल टाकताच फरक कळतो.

नकाशावाला
फरक पडतो, नाही म्हणत नाही. डोळ्यावर येणारा प्रकाश थांबला की तिथेच अर्धं गार वाटतं, आणि अंगावर पडणारं ऊन थांबतं ते वेगळंच. पण तुमच्याकडे एसी असणार. इथे कूलर आहे, त्याचं गणित निराळं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खसमधून किंवा पॅडमधून ओढून आत ढकलतो, ती हवा खोलीतून दुसरीकडून बाहेर पडलीच पाहिजे, नाहीतर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. म्हणजे दुपारी ब्लॅकआउट लावून हॉल बंद करणं आणि कूलर चालवणं या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. यांच्या घरात हवा पश्चिमेकडून आत आणि उत्तरेच्या खिडकीतून बाहेर, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीवर जड पडदा नकोच.

सुई_दोरा
बरोबर आहे नकाशावाल्यांचं. आणि त्या बाहेर जाणाऱ्या हवेच्या खिडकीवर लांब नेटचा पडदाही नको गं बाई, कूलर सुरू झाला की तो जाळीला जाऊन चिकटतो, आठवड्यात त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा काळा चौकटी छापा उमटतो, धुऊनही जात नाही. तिथे खिडकीच्या मापाची बांबूची किंवा कापडाची घडीची ब्लाइंड लाव, दुपारी अर्धी वर.

संत्र्याची_फोड
सुई_दोरा काकू, तुम्ही शिवता का पडदे? मला मापाचं काहीच कळत नाही, दुकानात गेले की पाच फूट, सात फूट, नऊ फूट एवढंच सांगतात.

सुई_दोरा
शिवते, फॉल-पिकोपासून सुरुवात केली होती आता पडदेच जास्त. ऐक.

पाच फूट खिडकीचा, सात फूट दरवाज्याचा, नऊ फूट लांब दरवाज्याचा, हे रेडीमेडचे साचे. रुंदी बहुतेक चार फूट. लोक काय करतात, आठ फुटांचा दरवाजा म्हणून चार फुटांचे दोन पडदे आणतात आणि ते लावले की चादर वाळत घातल्यासारखे ताणून बसतात. पडद्याला चुणी पडायची तर रॉडच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, अमेरिकन प्लेट (वर शिवून पक्क्या केलेल्या चुण्या) घ्यायची तर अडीचपट धर.

तुझं करून दाखवते. दरवाजा ८ फूट, दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त म्हणजे रॉड ९ फूट, १०८ इंच. दुप्पट २१६. कापडाचा पन्हा ५४ इंच असेल तर ४ पॅनल बरोबर बसतात, पन्हा ४८ असेल तर साडेचार येतात म्हणजे पाच घ्यावेच लागतात. उंची छताच्या जवळून जमिनीपर्यंत ९ फूट धरली तर १०८ इंच, त्यात वरची घडी ४ आणि खालची दुमड ६, झाले ११८ म्हणजे तीन मीटर. चार पॅनल, बारा मीटर. आता मोठी डिझाइन असेल तर ती शेजारच्या पॅनलला जुळली पाहिजे, समजा डिझाइन दर २५ इंचांनी परत येते, तर ११८ च्या जागी १२५ कापावे लागतात आणि पावणेतेरा मीटर कापड जातं. दुकानदार हे सांगत नाही, नंतर एक पॅनल कमी पडतं आणि तोवर तो ताका संपलेला असतो. आणखी एक, सगळं कापड एकाच ताक्यातून घे, दुसऱ्या ताक्यात रंग हलकासा फिरतो.

आणि सुती किंवा खादी घेणार असशील तर आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर, मग कात्री. नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा जमिनीपासून चार-पाच इंच वर. मळखाऊ मरूनबद्दल सासूबाईंना सांग की पश्चिमेच्या उन्हात मरून आणि गडद निळा हेच आधी उडतात, घडीच्या आत एक रंग आणि बाहेर वेगळाच. घ्यायचाच असेल तर मागे पांढरं अस्तर लावून.

बर्डीची_मैना
काकूंनी तर क्लासच घेतला 🙏

आता माझा विषय, रंग. साधा हिशोब असा असतो की खोलीचा साठ टक्के भाग एका शांत रंगाचा, तीस टक्के दुसऱ्या, दहा टक्के चटकदार. तुझे साठ टक्के झाले आहेत, भिंती आणि सोफा. तीस टक्के म्हणजे पडदे आणि रग. हिरव्या भिंतीच्याच कुळातला पण तिच्यापेक्षा एक-दोन छटा गडद, म्हणजे शेवाळी, तो पडद्याला घे. अक्रोड लॅमिनेट आणि सागवान दोन्ही तांबूस तपकिरी, त्यावर शेवाळी छान उठतो. उरलेल्या दहा टक्क्यांत हळदी नाहीतर विटकरी, फक्त कुशनला, बंगईच्या गादीच्या कडेला आणि फार तर एखाद्या चित्रात. तीन ठिकाणी दिसला की तो ठरवून आणलेला वाटतो, एकाच ठिकाणी असला की चुकून राहून गेल्यासारखा.

आणि कृपा करून पडदा, कुशन, दिवाण सेट सगळं एकाच प्रिंटमध्ये घेऊ नकोस. पडदे प्लेन असू दे, पोत असलेले. प्रिंट कुशनला. कुशनचं कव्हर १६ इंची असेल तर आतली उशी १८ ची घाल, टम्म बसते. रगचं म्हणशील तर सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यायला हवेत, मधोमध टीपॉयखाली छोटा तुकडा टाकला की हॉल आणखी लहान दिसतो.

वऱ्हाडी_ठसका
शेवाळी म्हंजे पालकाची पातळ भाजी दिसन ना ताई हॉलमंदी 😜

बर्डीची_मैना
तुम्ही गप्प बसा हो भाऊ. तुमच्या घरी पडदे कोणते आहेत ते सांगा आधी.

वऱ्हाडी_ठसका
आमच्या घरी पडद्याचं काम दिवसा झाड करते. कडुनिंब हाये पश्चिमेले, आजोबानं लावलेला. पण फ्लॅटमंदी कुठून आणान झाड.

हातमाग_वेडा
एक वेगळा विचार मांडतो. आपण विदर्भातले, बाजूला वर्ध्याची खादी आहे, भंडाऱ्याकडचा टसर आहे, आणि हॉलमध्ये मात्र लिननसारखं दिसणारं पॉलिस्टर. कूलरच्या समोर पॉलिस्टर तसंही नुसतं फडफडतं, जाडसर खादीला वजन असतं, ती पडते छान. टसर मात्र पडद्याला घेऊ नका, रेशीम उन्हात कुजतं, पश्चिमेला तर लवकरच विरतं. टसरची दोन कुशनं करा, करवतकाठी साडीचा दातेरी काठ असतो ना, तो बंगईच्या गादीला लावा. जुनी करवतकाठी साडी असेल सासूबाईंकडे तर विचारून बघा, पदर फाटला तरी काठ शाबूत असतो.

सांजवारा
खादी सुंदरच, पण धुवायला? बेसा भागात बांधकामं चालू आहेत सगळीकडे, धूळ विचारू नका. दर महिन्याला बारा मीटर खादी धुऊन इस्त्री करणार कोण? मला वाटतं कापूस आणि पॉलिस्टर मिक्स घ्यावं, दिसतं बरं आणि मशीनमध्ये जातं.

हातमाग_वेडा
महिन्याला कोण धुतं हो, खाली काढून झटकायचे. पण मान्य, घरात मनुष्यबळ नसेल तर मिक्स ठीक.

संत्र्याची_फोड
बाप रे एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. सासूबाईंना मरूनचं सांगितलं तर म्हणाल्या मलाही माहीत आहे, अस्तर लावायचं असतं 😅 पण काठाची आयडिया त्यांना एकदम आवडली, ट्रंक उघडून बसल्यात.

मी ठरवतेय ते असं: बाल्कनीला चिक. दरवाज्याला शेवाळी मिक्स कापडाचे पडदे, आयलेटचे (वर रिंगा बसवलेले), मागे पांढरं अस्तर. उत्तरेच्या खिडकीला कापडी घडीची ब्लाइंड, ऑफ व्हाइट. कूलर दरवाज्याच्या डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे सगळा पडदा उजवीकडे सरकवायचा उन्हाळ्यात. नवऱ्याची मॅच चिकीमुळे दिसेल अशी आशा. बरोबर आहे ना?

सुई_दोरा
बाकी बरोबर, आयलेट नको. नऊ फुटांचा रॉड मधे टेकूशिवाय वाकतो, मधे ब्रॅकेट लावावंच लागतं आणि आयलेटची रिंग त्या ब्रॅकेटवरून पुढे जात नाही. दोन पडदे दोन बाजूंना सरकवायचे असतील तर चालतं, तुला सगळा एका बाजूला न्यायचाय. तर छताला अॅल्युमिनियमची चॅनल लाव, त्यात रनर असतात, इकडून तिकडे बिनदिक्कत जातो. वर प्लेट घाल, हूकवर टांगायचा. आणि उजवीकडे गोळा झालेला अस्तराचा पडदा दोन-अडीच फूट जागा खातो, तेवढी भिंत आहे का बघ, म्हणजे चॅनल दरवाज्याच्या पुढे भिंतीवर न्यायची, नाहीतर उजवा पल्ला कायम झाकलेला राहील.

नकाशावाला
चॅनल छताच्या स्लॅबला लावत असाल तर उत्तम. भिंतीला ब्रॅकेट ठोकणार असाल तर आधी विचारा भिंत कशाची आहे. नवीन स्कीममध्ये हलक्या पांढऱ्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा पकडत नाही, अस्तराचे जड पडदे दोनदा ओढले की गिट्ट्यासकट बाहेर. दरवाज्याच्या वर लिंटेल असतो तो काँक्रीटचा, तिथे ठोका, नाहीतर ब्लॉकसाठी वेगळे लांब फास्टनर मिळतात ते घ्या. छताला पीओपी (खोटं छत) करणार असाल तर पडद्यासाठी भिंतीलगत सहा-आठ इंच खाच सोडायला सांगा, चॅनल दिसतच नाही मग.

अजून एक, बंगईचा झोका कुठल्या दिशेला आहे? मागे-पुढे अडीच-तीन फूट मोकळं लागतं. दरवाज्याकडे झोका जात असेल तर गादी रोज पडद्याला घासणार.

संत्र्याची_फोड
झोका दरवाज्याला समांतर आहे, मोजलं आत्ताच, लागत नाही. पण कड्या अजून लागायच्यात, आणि पीओपीही व्हायचंय!

नकाशावाला
मग कड्या आधी. स्लॅबमध्ये की बीमला ते इंजिनिअरकडून पक्कं करून घ्या, त्यानंतर पीओपी, मग रंग, मग चॅनल. पडद्याचं कापड वाटलं तर आज घ्या पण उंचीचं माप पीओपी झाल्यावर.

बर्डीची_मैना
कापड दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस. पाव मीटर नमुना घेऊन ये, एकदा दुपारी दरवाज्याजवळ धर, एकदा रात्री तुझ्या हॉलच्या दिव्यांत. पिवळ्या उजेडात शेवाळी तपकिरीकडे झुकतो. दिवे ३००० केल्विनचे (पिवळे) आहेत की ६५०० चे (पांढरे), बॉक्सवर लिहिलेलं असतं.

सांजवारा
आणि महालक्ष्म्या कुठे बसवता तुम्ही? आमच्याकडे हॉलमध्येच बसतात आणि दर भाद्रपदात मागे साडी टांगायला खिळा कुठे ठोकायचा हा वाद. चॅनल लावतेच आहेस तर दुहेरी लाव, पुढची एरवी रिकामी, तेव्हा त्यात साडी अडकवता येते. दिवे-समया मात्र पडद्यापासून लांब, मिक्स कापड पेटलं की वितळून चिकटतं.

संत्र्याची_फोड
हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! दुहेरी चॅनल फायनल. काकू, दुहेरीला खाच किती?

सुई_दोरा
आठ इंच सोड. दोन चॅनलमध्ये तीन-साडेतीन इंच अंतर हवं, नाहीतर पुढच्याच्या चुण्या मागच्यात अडकतात.

उंबरठा
सगळा धागा वाचला, मस्त. माझा प्रश्न छोटा आहे, भाड्याचं घर आहे त्रिमूर्ती नगरला, घरमालक भिंतीला एक भोक पाडू देत नाहीत. स्प्रिंगचा रॉड मिळतो दोन भिंतींत दाबून बसणारा, तो टिकतो का? खिडकी चार फुटी, खोल चौकटीची.

सुई_दोरा
चार फुटीला टिकतो, पडदा बिनअस्तराचा आणि सुती हलका ठेव. टोकांना रबर असतो तो उन्हाळ्यात मऊ होऊन घसरतो, मधूनमधून फिरवून घट्ट करत जा. पाच फुटांच्या वर मात्र तो घेऊ नकोस.

वऱ्हाडी_ठसका
अन् घरमालकाले विचारा, कूलरच्या स्टँडसाठी भोक चालते का. तिथं नाई म्हणणारा मालक मी तरी आपल्या नागपुरात पाह्यला नाई.